बिननावाचे पिल्लू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरचे पिल्लू आजारी पडले. वय दोन महिन्यांच्या आसपास. लसीचा पहिला डोस झालेला होता, दुसरा व्हायचा होता.

आधी ते फेस ओकले. बाबांनी दुधात कालवलेली पोळी पुढे ठेवली, तर वाटीचा वास घेऊन मागे सरकले आणि भिंतीला पाठ लावून बसले. दुपारपर्यंत जुलाब सुरू झाले आणि त्यांत रक्त आले. त्या जुलाबांना गंजलेल्या लोखंडासारखा, कुजकट वास असतो. आमच्या घराला तो माहीत होता. आई स्वयंपाकघरातून आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "कोण घेऊन आलं हे घरात?"

ती आजाराबद्दल विचारत होती. पुढचे दहा-बारा दिवस ती हाच प्रश्न विचारत राहिली.

आई आरोग्य खात्यात नर्स होती. नोकरीची बहुतेक वर्षे तिने लहान मुलांना लसी देण्यात काढली. खांद्याला बर्फाचा डबा लावून ती रायपूरच्या पाऱ्यापाऱ्यांतून, मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरली. आजही बाजारात एखादी बाई आपल्या दाढी आलेल्या मुलाला पुढे ढकलते आणि सांगते, "पाँव पड़ो, टीकेवाली दीदी हैं." इकडे लसीला टीका म्हणतात. अशा टीकेवालीच्याच घरचे, म्हणजे आमचे, आधीचे पिल्लू तीन पावसाळ्यांपूर्वी एकही लस न होता पार्व्होने गेले होते. पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणू आहे. माणसाला त्याचे काही होत नाही. लस न घेतलेल्या पिल्लाला तो काही दिवसांत संपवतो. त्या वेळी पिल्लू अशक्त होते. जरा अंगी लागू दे, मग नेऊ, असे ठरले होते. ठरवणारी आई होती. नंतर गल्लीत एक वाक्य फिरले: टीकेवालीच्या घरचंच बिनटीक्याचं मेलं. ते पहिल्यांदा कोण म्हणाले याचा आईने बराच शोध घेतला. कळले नाही.

पुढे बाबांनी मातीचे अंगण खणून सिमेंटचे करून घेतले आणि कुत्र्याचा विषय घरात निघाला नाही. या वर्षी हरेलीनंतर, म्हणजे पोळ्याच्या महिनाभर आधी येणाऱ्या सणानंतर, ते एका दुपारी स्कूटरवरून आले, तेव्हा पायांमधल्या कापडी पिशवीतून दोन कान बाहेर आलेले होते. पिल्लू काळे, छातीवर पांढरा ठिपका. उरल्यात, कारखान्यांच्या भागात, लोखंडाच्या एका रोलिंग मिलच्या फाटकावर चौकीदारी करणाऱ्या ओळखीच्या माणसाने दिले होते. वजनकाट्याच्या खोलीमागे एक कुत्री व्यायली होती, तिचे.

आईने पिल्लाचे डोळे उघडून पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या, पोट चाचपले. मग म्हणाली, "ठेवा. पण टीके पुरे होईस्तोवर नाव ठेवायचं नाही."

"काहून?"

"नाव ठेवलं की जीव लागते."

"तो तं लागला," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून फाटकात प्लास्टिकचे घमेले आले. त्यात पाणी आणि ब्लीचिंगचे द्रावण. येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या, पाय घमेल्यात बुडवायचे, पायपुसण्यावर पुसायचे, मग आत. दूधवाल्याने कॅन फाटकाबाहेरच टेकवायचा. भाजीची पिशवी अंगणात ठेवायची नाही. पिल्लाला रस्त्यावर न्यायचे नाही, दुसऱ्या कुत्र्याशी गाठ पडू द्यायची नाही, अंगणात सोडायचे तेही फरशी धुतल्यावर. अंगणात उतरणाऱ्या कावळ्यांवरही तिची नजर असे. "हे पाय कुठी कुठी टेकवून येतात, काय माहीत," ती म्हणे.

हे सगळे बरोबर होते. जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले होते. विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, बुटांच्या तळव्यांना लागून घरात येतो, फिनाइलने मरत नाही, ब्लीचने मरतो. पिल्लाला आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण हळूहळू ओसरते. ते असेपर्यंत ते लसीलाही अडवते आणि ओसरले की पिल्लू उघडे पडते. ते नेमके कधी ओसरेल हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून डोस एक नसतो. चार महिन्यांचे होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने देत राहावे लागतात. पहिला डोस झाला म्हणून पिल्लू सुरक्षित झाले, असे समजणारी पिल्लेच जास्त मरतात, असे डॉक्टर म्हणाले. मग दुरुस्त केले, "मतलब, समझने वालों के पिल्ले."

आईला हसू आले नाही. तिचे लक्ष लसीच्या शीशीकडे होते. "ठंडी नहीं लग रही," ती म्हणाली.

काउंटरवरच्या मुलीने सांगितले की शीशी आत्ताच फ्रिजमधून काढली आहे.

"कल लाइट कितनी देर गई थी?"

"आंटी, आप इन्स्पेक्टर हो क्या?"

"नाही," आई मराठीत म्हणाली. "इन्स्पेक्टर माह्याकडे येत होते."

तो डोस दिला गेला. पण शीशी थंड नव्हती ही गोष्ट आईने सोडली नाही. त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पिल्लू रक्ताचे जुलाब करत असताना, तिच्याकडे पहिला संशयित तयार होता.

दवाखान्यात चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. पार्व्हो. डॉक्टरांनी पुढच्या पायात सुई लावून सलाईन सुरू केले, ओकारी थांबायचे इंजेक्शन दिले आणि सांगितले की विषाणूवर औषध नाही. शरीरातले पाणी टिकवायचे, दुसरा संसर्ग रोखायचा आणि वाट पाहायची. रोज सकाळ-संध्याकाळ आणावे लागेल. आईने विचारले, जगेल का. डॉक्टर म्हणाले की पहिले काही दिवस काढले तर बोलू.

"मैंने सब किया था," आई त्यांना म्हणाली. आवाज नोकरीतला होता, हजेरी देतानाचा. "सब. एक भी चीज छोड़ी नहीं."

"फिर भी कहीं से तो आया है, मैडम."

घरी आल्यावर तिची संशयितांची यादी सुरू झाली.

फ्रिज. उरल्याचा चौकीदार. शेजारीण.

शेजारीण म्हणजे बाजूच्या घरात दोन वर्षांपूर्वी भाड्याने आलेली पुण्याची बाई. नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात नोकरी. तिच्याकडे मोठा लॅब्राडोर होता आणि ती त्याला रोज सकाळी आमच्या चौबे कॉलोनीच्या सगळ्या गल्ल्यांतून फिरवून आणत असे. पिल्लू आल्यावर ती पाहायला आली होती. घमेल्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "काकू, तुमच्या फाटकावर तर विमानतळासारखी तपासणी आहे. पासपोर्टही दाखवू का?"

"पाय दाखवा," आई म्हणाली होती.

तिने पाय बुडवले होते. मी ते पाहिले होते. पण आईचे म्हणणे होते की तिने एकच पाय नीट बुडवला.

तीस वर्षे बातम्यांच्या टेबलावर काम केल्याने माझी एक सवय पक्की झाली आहे. संशय म्हणजे माहिती नव्हे. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पक्के झाल्याशिवाय कशालाही छापण्याजोगे मानायचे नाही. आईला उत्तर हवे होते आणि पिल्लू सलाईनवर असताना घरात दुसरे करण्यासारखे काही नव्हते. मी विचारपूस सुरू केली.

शेजारणीकडे आधी गेले. तिचा कुत्रा दारात आडवा पडला होता, शेपटी फरशीवर आपटत. तिने न मागता त्याच्या लसींचे कार्ड काढले. वर्षाचे बूस्टरही झालेले होते. कुत्र्याला फिरवताना तिला आजारी पिल्ले दिसली का, असे मी विचारले. नाही, म्हणाली. मग म्हणाली, "काकूंना माझ्यावर संशय आहे, हो ना?"

मी सांगितले की सगळ्यांवर आहे.

"आमच्याकडे लोक निदान तोंडावर तरी बोलतात."

"तीही बोलेल," मी म्हटले. "थोडं थांबा."

उरल्याला बाबांच्या स्कूटरवर गेले. रस्त्यावर ट्रकची रांग होती आणि पाऊस थांबल्याबरोबर काळी धूळ परत उडू लागली होती. चौकीदार वजनकाट्याच्या खोलीत होता. आईने त्याला आदल्या दिवशी फोन केला होता. फोनवर ती काय बोलली ते त्याने मला ऐकवले नाही. एवढेच म्हणाला, "दीदी, माताजी बोलीं कि मैंने बीमारी बेची है. मैंने तो कुछ बेचा ही नहीं. फ्री में दिया."

त्याने खोलीमागे नेले. कुत्री लोखंडी पत्र्याच्या सावलीत होती. पिल्लाची भावंडे तीन, तिन्ही धडधाकट. एकाने माझ्या सँडलचा पट्टा धरला आणि सोडेना. दोन-तीन शिफ्टच्या मजुरांनी सांगितले की इथे एकही पिल्लू मेले नाही. एक जण म्हणाला, "ये तो लोहा खाते हैं मैडम, इनको क्या होगा." लागण झाल्यापासून आजार दिसायला साधारण आठवडा लागतो, आणि पिल्लू उरल्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. चौकीदार सुटला.

घरी येऊन सँडल मी घमेल्यात पूर्ण बुडवली. आई पाहत होती.

फ्रिजबद्दल डॉक्टरांनाच विचारले. ते चिडले नाहीत. फ्रिजला बॅटरी आहे, म्हणाले, आणि आत थर्मामीटर. दाखवला. समजा लस खराब होती, ते म्हणाले, तरी खराब लसीतून आजार येत नाही, फक्त संरक्षण मिळत नाही. विषाणू वेगळा, बाहेरून यावा लागतो. तो कुठून आला हे तरीही उरतेच.

हे मी आईला सांगितले. ती पिल्लाची सुई लावलेली टांग मांडीवर धरून बसली होती. "म्हणजे कोणीच नाही," ती म्हणाली. "सगळे साजूक. मग काय मी आणलं?"

बाबा म्हणाले, "असं काहून बोलून राहिली तू?"

"गल्ली तेच बोलन. दुसऱ्या खेपेला बोलन. टीकेवाली, अन् एक नाही, दोन-दोन मारले."

त्या संध्याकाळी पिल्लाचे अंग थंड पडले. डॉक्टरांनी त्याला दवाखान्यातच ठेवून घेतले. आई तिथल्या बाकावर बसली आणि घरी येण्यास तिने नकार दिला. बाबा तिचा डबा घेऊन गेले.

पिल्लू दवाखान्यात असताना घरात करायची कामे मागे पडली होती. त्यांतले एक म्हणजे स्टीलचा डबा परत करणे. तो आईच्या मैत्रिणीचा होता. मैत्रीण ब्राह्मणपाऱ्यात राहते. दोघी एकाच दवाखान्यात नोकरीला होत्या, बर्फाचे डबे बरोबरच उचलत. तिला छत्तीसगढी, मराठी सगळे समजते आणि ती उत्तर हिंदीत देते, मधूनच छत्तीसगढी घालून. आम्ही मूळचे विदर्भातले, बौद्ध. उपासतापास आमच्याकडे नाहीत. पण मैत्रिणीचा खमरछठचा उपवास असतो तेव्हा आई दरवर्षी तिच्याकडे जाते. हा उपवास बायका मुलांच्या आयुष्यासाठी करतात. नांगर न लागलेल्या जमिनीतला तांदूळ आणि सहा प्रकारच्या भाज्या शिजवतात आणि ओल्या कापडाने मुलांच्या पाठीवर थापटतात. आई म्हणते, "पूजा तुझी, भाजी माही." यंदाही ती गेली होती आणि डबा भरून भाजी घेऊन आली होती. खमरछठ पोळ्याच्या आठवडाभर आधी असते.

डबा रिकामा परत करायचा नसतो म्हणून मी त्यात थोडे शेंगदाण्याचे लाडू घातले आणि गेले. इथे विचारपूस करायचे माझ्या मनात नव्हते. ब्राह्मणपारा आईच्या यादीत नव्हता.

गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर पायरीवर चढावे लागते. मैत्रीण दारातच बसली होती, तांदूळ निवडत. पायाशी तिचा म्हातारा कुत्रा. तेरा-चौदा वर्षांचा, तोंड पांढरे, एका डोळ्यात मोतीबिंदू. पण उठून आला आणि माझे हात हुंगून परत जागेवर गेला. त्याची जागा म्हणजे जुन्या जांभळ्या सुती साडीची जाड वाकळ होती. मी त्या जांभळ्या रंगाकडे पाहिले.

आमच्या पिल्लाच्या खोक्यातही तेच कापड होते.

आमच्याकडे एक रीत आहे. नवीन जन्मलेल्या बाळाला नवे कपडे घालत नाहीत. ज्या घरची लेकरे जगली-वाढली, त्या घरून जुने, वापरलेले कापड मागून आणतात आणि आधी ते अंगाला लावतात. त्या घरचे आयुष्य या घरी यावे म्हणून. आईला तिच्या आईने असेच मागून आणलेले अंगडे घातले होते, मलाही तिने घातले. "हे देवाचं नाही, घरचं आहे," असे ती सांगते. या रीतीला एक नियम आहे. मागून आणलेले कापड विचारून घेत नाहीत. कोणाचे, कधीचे, कोणी वापरले, हे पुसायचे नाही. उलटेपालटे करून पाहायचेही नाही. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने पदरात घेतले.

खमरछठच्या दिवशी आईने पिल्लासाठी ते असेच पदरात घेतले होते. घरी आल्यावर गरम पाण्यात, अँटिसेप्टिक घालून धुतले आणि पावसाची उघडीप मिळाली तेव्हा उन्हात घातले. ब्लीचमध्ये घातले नाही. ब्लीचने रंग गेला असता.

"पिल्ला कइसे हे, नोनी?" मैत्रिणीने विचारले. तिच्यासाठी मी अजून नोनी, पोरच आहे.

मी सांगितले. सलाईन, रक्त, थंड पडलेले अंग.

तिचे हात तांदळात थांबले. "हव," ती म्हणाली. "वैसा ही हुआ था. हमारे भी दो गए ना."

"कधी?"

"हरेली के पहले. बारिश में नाली के पास रो रहे थे, तो उठा लाई. सूखे पेट. यही बुड्ढे के पास सो जाते थे. ये कुछ बोलता नहीं था, जगह दे देता था." तिने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "फिर उल्टी, फिर खून. दो दिन में दोनों."

"इथेच झोपायचे? या वाकळीवर?"

"तब पूरी थी. बाद में आधी काट के तेरी माँ को दी." ती माझ्याकडे पाहत राहिली. "धो के दी, नोनी. गरम पानी में, दो बार. और इसको तो कुछ नहीं हुआ. ये तो अब भी उसी पर सोता है."

म्हाताऱ्याला काही झाले नव्हते कारण तो प्रौढ होता आणि त्याला दरवर्षी लस मिळत होती. मैत्रीणही नर्सच होती. हे मी तिला सांगायला सुरुवात केली आणि तिने हात वर करून मला थांबवले. तिला ते माहीत होते. फक्त तिने ते वाकळीशी जोडले नव्हते.

"मैंने तो जीने के लिए दिया था," ती म्हणाली. "चौदह साल का कुत्ता है. किसके घर में है चौदह साल का?"

मी विचारले की आईला त्या दोन पिल्लांबद्दल का सांगितले नाही.

"वो पूछती तो बताती. उसने पूछा ही नहीं. और उसके यहाँ पूछते भी नहीं, उसी ने तो सिखाया मेरे को."

तांदूळ तसाच ठेवून ती आत गेली. पाण्याचा आवाज येत राहिला. मी डबा पायरीवर ठेवून निघाले.

दवाखान्याच्या बाकावर आई बसलेली होती. तिला मी जे ऐकले ते त्याच क्रमाने सांगितले. संपल्यावर म्हणाली, "तिनं सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं नाही."

"कसं इचारू? मागणीचं कापड इचारून घेते काय कोणी?"

बाबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "कावळ्याचे पाय तपासले तू."

आईने त्यांच्याकडे पाहिले. त्यांना वाटले असावे की आता ऐकावे लागेल. पण ती उठली आणि डॉक्टरांकडे गेली. कापडावरचा विषाणू तपासता येतो का, हे तिला हवे होते. डॉक्टरांनी सांगितले की त्यांच्याकडची पट्टी जुलाबासाठी आहे, कापडासाठी नाही. दीड-दोन महिने सावलीत राहिलेल्या कापडातून असे होऊ शकते. तेच झाले असे मात्र ते सांगू शकत नव्हते. आईने दोनदा विचारले, दोन्ही वेळा तेच उत्तर मिळाले.

घरी येऊन तिने खोक्यातली वाकळ चिमट्याने उचलली आणि घमेल्यातल्या ब्लीचमध्ये घातली. जांभळे पाणी झाले. मग तिने ती दुहेरी पिशवीत बांधली, जशी ती दवाखान्यात वापरलेल्या सुया बांधत असे. खोके बाबांनी जाळले. फरशी, भिंतीचा खालचा भाग, फाटकाची कडी, सगळे ब्लीचने पुसले गेले. स्कूटरची चाकेसुद्धा.

मैत्रिणीला आईने फोन केला नाही. ती स्वतः गेली, ब्लीचची बाटली घेऊन. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. बाबा बाहेर स्कूटरवर थांबले होते. त्यांनी सांगितले की आतून आधी दोघींचे आवाज चढले, मग बंद झाले, मग फरशी घासल्याचा आवाज आला. बाहेर येताना आईच्या हातात स्टीलचा डबा होता, भरलेला.

पिल्लू त्यानंतर दोन दिवस तसेच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ओकले नाही. दवाखान्यातल्या माणसाने भाताची पेज चमच्याने लावली, ती त्याने चाटली. आईला तसा फोन आला. तिने विचारले, "कितनी पी?" आणि "गरम तो नहीं थी?"

त्याला घरी आणले तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. नव्या खोक्यात आईने बाबांचा जुना बनियन घातला. घालण्यापूर्वी तो ब्लीचमध्ये काढला, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आणि बाबांना विचारले, "हा कधी घातला होता? कुठी घालून गेला होता?"

"माहाच आहे तो," बाबा म्हणाले.

"म्हणूनच इचारून राहिली."

डॉक्टरांनी सांगितले होते की एकदा बरे झाल्यावर पार्व्होची भीती बऱ्याच अंशी गेली, पण डिस्टेंपर आणि बाकीचे आजार अजून बाहेर आहेत. अंगात ताकद आली की डोस पुढे सुरू करायचे. घमेले फाटकात राहिले. शेजारणीला पाय बुडवायला सांगणे आईने बंद केले नाही. फरक इतकाच की आता ती स्वतः तिच्यासमोर आधी बुडवते. उरल्याच्या चौकीदाराला बाबांनी फोन करून सांगितले की त्याच्या पिल्लांना, उरलेल्या तिन्हींना, लस द्यायला हवी आणि आई स्वतः येईल. चौकीदार म्हणाला, माताजी आएँगी तो पहले बता देना, मैं छुट्टी ले लूँगा. आई गेली. तो सुटीवर नव्हता. डॉक्टरांचा माणूस आणि बर्फाचा डबा तिने बरोबर नेला होता. डबा कोणाला उचलू दिला नाही.

आमचे पिल्लू पुढच्या डोसला गेले तेव्हा त्याचे पोट भरलेले होते आणि ते बाबांच्या खांद्यावर चढायचा प्रयत्न करत होते. त्यानंतर आणखी एक डोस राहिला होता. तोही झाला. दोन्ही वेळा काउंटरवरच्या मुलीने शीशी फ्रिजमधून काढून आधी आईच्या तळहातावर ठेवली. शेवटच्या वेळी आईने ती मुठीत धरली, थोडा वेळ धरून ठेवली आणि परत दिली. शीशी थंड होती.

सुई टोचून झाल्यावर मुलीने कार्डावर तारीख घातली आणि वरचा रिकामा रकाना दाखवून पिल्लाचे नाव विचारले. बाबांनी आईकडे पाहिले. आईने होकारार्थी मान हलवली. बाबांनी नाव सांगितले.